लाल ताऱ्याकडे टक लावू नये

रघ्या, तुझी चिता पेटली तेव्हा मी उजवा डोळा तळहाताने घट्ट झाकून उभा होतो. सगळ्यांना वाटलं, फोटोवाला रडतोय. तुझ्या मेहुण्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. वीज खात्यातला तुझा तो जाडा सहकारी, ज्याला तू आयुष्यभर 'ट्रान्सफॉर्मर' म्हणत आलास, तो कानाशी येऊन म्हणाला, "मोकळे व्हा, दाबून ठेवू नका." मी मान हलवली. काय सांगणार होतो? की मी रडत नाहीये, डोळा वाचवतोय? की इथून निघून मला गंजाडला जायचंय, समुद्राकडून ढग चढतायत, आणि दुर्बिणीला लावायचा डोळा तुझ्या ज्वाळांनी दिपला तर त्याला अंधाराची सवय व्हायला पुन्हा बराच वेळ जाईल?

डाव्या डोळ्याने मात्र तुला नीट जळताना पाहिलं. त्यात कसूर केली नाही. कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत थांबायची रीत आहे. तिथेही तू सवयीप्रमाणे उशीर केलास. मी मनात म्हणत होतो, फूट रे बाबा, आभाळ चाललं. शेवटी फुटलास आणि सगळ्यांच्या आधी मी गाडीला किक मारली. अंगावर स्मशानातलेच कपडे. मागे कुणीतरी म्हणालं, "आंघोळ तरी..." मी ऐकलं नाही. आता लिहिताना मलाच वाटतंय की हा माणूस हलकट आहे. पण तुझं मत मला माहीत आहे. तू म्हणाला असतास, "सुध्या, किक मारायला एवढा वेळ का लावलास?"

तुला हे सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. त्यांच्यासाठी सांगतो, तोवर तू जांभई दे.

तू वीज खात्यातला माणूस. तालुक्यात पाड्यापाड्यावर उजेड नेण्याचा तुला पगार मिळायचा, आणि सुट्टीच्या दिवशी तू मला घेऊन अंधार शोधत फिरायचास. सुरुवातीला चिखल्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांमागे. तिथे पर्यटकांसाठी खोल्या झाल्या, माळेचे दिवे लागले. मग रानशेत. तिथे तुझ्याच खात्याने खांब टाकले, सही तुझीच. शेवटी गंजाडला तुझ्या वडिलोपार्जित तुकड्यावर पत्र्याची खोली बांधली आणि आपण दोघांनी घासलेल्या आरशाची दुर्बीण तिथे ठेवली. शेजारच्या शेतावरच्या लक्ष्याला तू त्याच्या ओटीवरचा बल्ब बंद करायला सांगितलास, तेव्हा तो काय बोलला होता? "साहेब, लायट येल म्हणून माझा बाप वाट बघून मेला. आन् आता लायट आली तर तुम्हीच सांगता बंद कर." तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी टीन कापून त्याच्या बल्बला टोपी करून दिलीस. तीही तो कधी घालायचा, कधी नाही.

तिथे आपण आपली यादी केली. आपल्या तालुक्यातून, आपल्या दुर्बिणीतून ज्या दीर्घिका डोळ्याला स्वच्छ दिसतात, त्या प्रत्येकीची उजळता ठरवायची. मी एकदा म्हणालो, जगाने अशा याद्या कधीच करून ठेवल्यात, मोठ्या मोठ्या दुर्बिणींनी. तू म्हणालास, "लग्नंही जगाने आधीच केली होती. तू थांबलास का?" दीर्घिकांना नावं आपलीच. कडेने दिसणारी ती लांबट म्हणजे बोंबील. मध्ये दबलेली तिरकी भाकरी. एकीला तू नासका चिकू म्हणायचास, आणि मला आजही ती तशीच दिसते, बागेतल्या चांगल्या चिकूकडे बघितलं तरी आधी तीच आठवते.

आणि माझा पराक्रम सांगायलाच हवा, नाहीतर तू वरून दगड मारशील. बोंबलाच्या शेपटाशी मला एके दिवशी तेजस्वी ठिपका दिसला. सुपरनोव्हा! एक तारा मरताना असा पेटतो की आख्ख्या दीर्घिकेच्या तोडीस तोड दिसतो, आणि तो मला सापडला होता, डहाणूच्या पासपोर्ट फोटोवाल्याला. मी तुला विचारायच्या आधी गावाला सांगितलं. शाळेने कार्यक्रम ठेवला. शाल, नारळ, 'आपल्या मातीतला शास्त्रज्ञ'. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास. परतताना चिकूच्या बागेजवळ स्कूटर थांबवलीस आणि म्हणालास, "तो साधा तारा आहे, आपल्याच आकाशगंगेतला, बोंबलाच्या वाटेत उभा. प्रत्येक नकाशात असतो. तुझ्या आजोबांच्या आधीपासून."

"मग आधी का नाही बोललास?"

"शाल कशी देतात ते बघायचं होतं. बरी आहे. वहिनींना दे, पोळ्या झाकायला."

अजून त्याच शालीत पोळ्या झाकतात आमच्याकडे. मी वर्षभर तुझ्याशी धड बोललो नाही, म्हणजे गंजाडला येत होतो, मापं घेत होतो, फक्त चहा वेगळा करून प्यायचो.

माप घेण्याची आपली रीत साधी होती. ज्याचं माप घ्यायचं त्याच्या आजूबाजूला उजळता माहीत असलेले दोन तारे धरायचे, एक जरा उजळ, एक जरा मंद. मधल्या जागेचे दहा भाग मनात पाडायचे आणि हा कुठे बसतो ते बोलायचं. आमच्या धंद्यात आकडा वाढला की माल कमी, म्हणजे तारा मंद, हे मला समजायलाच एक उन्हाळा गेला. आणि कधी काहीही मापलं तरी तुझा आकडा माझ्याहून मंद यायचा. दर वेळी. तेवढाच मंद. मी म्हणायचो, तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तू म्हणायचास, "तू ताऱ्यांना ग्रेस मार्क देतोस. गिऱ्हाइकांचे चेहरे गोरे करून करून तुझा डोळा नासलाय." ह्या एका गोष्टीवर आपण इतके भांडलो की तुझ्या स्वयंपाकघरातून नंदावहिनी एकदा म्हणाल्या, "दोघांचा एकेक डोळा काढा नि एका माणसाला लावा. घरात शांतता होईल."

यादीवरूनही भांडण होतंच. सप्तर्षींच्या शेपटाशी एका दीर्घिकेचा अंधुक डाग आहे. मला तो यादीत हवा होता. तू म्हणालास, उजळ दीर्घिका म्हणजे उजळ, दया दाखवून कुणाला घ्यायचं नाही. तू तिचं नाव ठेवलंस बुरशी, दमट हवेत माझ्या लेन्सवर धरते तशी, आणि यादीतून काढून टाकलीस.

या चैत्रात बुरशीतच तारा फुटला. बातमी फोनवर आली, जगात दुसऱ्याच कुणाला आधी दिसला होता. त्याच आठवड्यात वापीच्या दवाखान्यातून तुझा रिपोर्ट आला. मी रिपोर्टबद्दल विचारायच्या आधी बुरशीबद्दल बोललो. खरं सांगू? नाचलोच. "यादीबाहेर काढलीस ना? घे!" तू रिपोर्ट घडी करून खिशात टाकलास आणि म्हणालास, "स्वादुपिंड. नाव बघ काय, श्राद्धाच्या ताटात वाढल्यासारखं." मग म्हणालास, "हा तारा मला पूर्ण हवा. उजळल्यापासून दिसेनासा होईपर्यंत, एकही खड्डा नको. एक दुर्बीण, एक डोळा." आयुष्यभर हेच हवं होतं तुला, एका सुपरनोव्हाचा अखंड आलेख, स्वतःच्या नावाचा. मशीनं आता याहून कितीतरी बारीक मोजतात. जगाला आपल्या आकड्यांची गरज नव्हती. तारा मेला तेव्हा तर माणूसच जन्माला आला नव्हता, आणि आपण इकडे रोज त्याच्या तब्येतीची चौकशी करत होतो.

त्याचा सर्वांत उजळ दिवस आपण दोघांनी पाहिला. तू स्टुलावर बसलास, पोट दाबून, आणि डोळा दुर्बिणीला लावलास. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलशील. तू म्हणालास, "बुरशीला यादीत घेणार नाही. हा तारा गेला की ती परत होती तशीच."

नंतर तुला स्कूटरवर बसवेना. मग गंजाडला मी एकटा जायचो आणि येऊन तुझ्या खाटेपाशी आकडा सांगायचो. तू त्यात तुझा नेहमीचा कंजूषपणा मिळवून आलेखावर टिंब काढायचास. "तुझा डोळा फक्त भाड्याने घेतलाय," म्हणायचास. "आलेख माझाच."

आणि मग तारा विझायचा थांबला. म्हणजे माझ्या आकड्यांत थांबला. उतरती रेघ सपाट झाली. मला आनंद झाला, का ते विचारू नकोस. त्याच दिवसांत मी वहिनींना स्वयंपाकघरात म्हणालो होतो, "रघ्याच्या तोंडावर जरा तेज आलंय, नाही?" त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भाऊजी, ती कावीळ आहे."

तू आलेख पोटावर धरून बराच वेळ पाहिलास. मग विचारलंस,

"एका नजरेला किती वेळ लावतोस?"

"लागेल तेवढा. मंद झालाय आता, टिकून बघावं लागतं."

तू डोळे मिटलेस. "गाढवा, तो लाल व्हायला लागलाय. लाल ताऱ्याकडे टक लावली की डोळा ते तांबडं साठवत जातो नि तारा उगाच उजळ वाटायला लागतो. झटकन बघायचं आणि मान फिरवायची. आरसा घासताना सांगितलं होतं तुला."

दारातून वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडे कुणी एवढी टक लावली असती तर मीही उजळले असते."

"तू लाल नाहीस, पिवळी आहेस," तू म्हणालास. त्या म्हणाल्या, "पिवळे तुम्ही आहात." आणि तुम्ही दोघं हसलात, रघ्या, माझ्यासमोर, अशा विषयावर, आणि मला कुठे बघावं कळेना.

मग माझ्याकडे वळून तू म्हणालास, "तो मरतोय, आणि तू त्याला बघून बघून जिवंत ठेवतोयस. ते सगळे आकडे गाळ."

"मध्ये खड्डा पडेल. अखंड हवा होता ना?"

"पडू दे."

"त्यापेक्षा अंदाजाने खाली सरकवू. किती चुकलो असेन ते कळतंच की."

"मीटर न बघता बिल पाठवणाऱ्याला खात्यात आम्ही काय म्हणायचो ठाऊक आहे?"

"काय?"

"आता त्याला तुझं नाव देऊ."

मी गाळले नाहीत. पुढचे आकडे झटकन बघून घेतले, ते खाली आले, बरोबर उतरले. पण ती सपाट पट्टी तशीच ठेवली. तुझ्याशी रोज भांडलो. जो माणूस पेज पचवू शकत नाही त्याच्याशी मी दशांशावरून भांडत होतो. तुझी बहीण एकदा बाहेर येऊन म्हणाली, "तुम्हाला लाज नाही वाटत?" वाटत होती ना. पण दुसरं काय बोलणार होतो तुझ्याशी? 'कसं वाटतंय' असं विचारलं असतं तर तू मला हाकललंच असतंस.

शेवटचं बोलणं आठवतंय? तुझा आवाज गेलाच होता, ओठांजवळ कान न्यावा लागला. आजूबाजूच्यांना वाटलं, मित्राला काही निरोप सांगतोय. वहिनी पदर तोंडाला लावून मागे सरकल्या, जागा करून दिली.

"गाळलेस?"

खोटं बोलता आलं असतं. कुणीही बोललं असतं. सगळ्या जगात मरणाऱ्याशी खोटं बोलायची मुभा आहे. मी म्हणालो, "नाही."

"का?"

"माझी मर्जी."

तू भिंतीकडे तोंड केलंस. ते करायलाही तुला केवढा वेळ लागला. "मग त्यावर माझं नाव घालू नकोस," म्हणालास. एवढंच. आयुष्यभराच्या दोस्तीचा शेवट म्हणजे हे एक वाक्य, तेही भिंतीला सांगितल्यासारखं. बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "गंजाडच्या पत्र्याला डांबर लावून घे म्हणाला." त्या रडल्या. म्हणजे खोटं मला येतं, रघ्या. फक्त तुझ्याशी जमलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तू संपलास. तुझ्या नावावर आलेख नाही, आणि माझ्या नावावर असलेला आलेख खोटा. अशा अवस्थेत मी स्मशानातून निघालो होतो.

गंजाडला पोचलो तर लक्ष्या ओटीवर बसलेला, बल्ब चालू, टोपीबिपी काही नाही. त्याला कुणी कळवलं नव्हतं. "आज साहेब नाय आला?"

"जाळून आलो त्याला," मी म्हणालो.

त्याने विडी विझवली. मला वाटलं आता तो साहेबांच्या चांगुलपणाचं काही सांगेल, आणि मला खरोखर रडायला लागेल, आणि डोळ्याचं वाटोळं होईल. लक्ष्या म्हणाला, "मंग आता लायट चालू ठेवू का?"

"आज नको. उद्यापासून ठेव."

"बरं," म्हणाला आणि बंद केला. शोकसभेत तुझ्याबद्दल जे जे काही बोलतील ना, त्यात इतकं कामाचं एकही वाक्य नसेल.

आभाळ अर्धं गेलं होतं. तलासरीच्या बाजूला हायवेचा नि त्यापलीकडच्या कारखान्यांचा उजेड ढगांच्या पोटाला लागून सगळं उत्तर आकाश ताकासारखं झालं होतं. पण सप्तर्षींचं शेपूट मोकळं होतं. दुर्बीण फिरवली. बुरशी सापडली, होती तशीच, तू म्हणाला होतास तशी. तुलनेचे तारे शोधले. सर्वांत मंद तारा, ज्याच्या खाली आपल्या आरशाला काही दिसतच नाही, तो दिसला. म्हणजे आभाळ ठीक होतं. सबब नव्हती.

मी एक नजर टाकली आणि मान फिरवली. तू शिकवलीस तशी, चोरट्यासारखी.

काही नव्हतं.

पुन्हा डोळा लावला, झटकन, आणि फिरवला. काही नाही. लाल टॉर्चच्या उजेडात लिहिलं: तुलनेच्या शेवटच्या ताऱ्याहून मंद, दिसला नाही. सवयीने तुझा कंजूषपणा मिळवायला गेलो आणि थांबलो. न दिसलेल्यात काय मिळवणार? आयुष्यात पहिल्यांदा आपल्या दोघांचं माप सारखं आलं. भांडायला जागाच उरली नाही. इतकं वाईट मला स्मशानात वाटलं नव्हतं.

मग ते आकडे गाळले. एकेक, आडवी रेघ मारून. सपाट पट्टी गेली आणि आलेखाच्या मध्ये हा भलामोठा खड्डा पडला, दात पडलेल्या तोंडासारखा. अशा नोंदी जमवणाऱ्या निरीक्षकांच्या मंडळाला तो तसाच पाठवलाय. वर नाव तुझं आहे. फक्त तुझं. ते नाकारतील, स्वीकारतील, कदाचित उघडूनही बघणार नाहीत. आणि तू जिंकलास वगैरे काही समजू नकोस. मी गाळले ते तू म्हणालास म्हणून नाही. ते चूक होते म्हणून. हे तुला सांगायला मला एक दिवस उशीर झाला, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही, कारण तू माफ केलंच नसतंस आणि ते मला जन्मभर पुरलं असतं.

एक राहिलं. माझ्या डोळ्याला तू दिलेल्या शिव्या मी मोजल्या नाहीत, पण त्या दिल्या नसत्यास तर मी आजही बोंबलाच्या शेपटाशी उभा राहून शाल मागत असतो. चेहरे गोरे करणाऱ्या माणसाला तू खरं बघायला लावलंस. ते सुखाचं नाही, हे आधी सांगायला हवं होतंस, हरामखोरा.

कागद मिटून ठेवला. ढग अजून पोचले नव्हते. नोंद झाली होती, काम संपलं होतं, आता मी कुणाचाही भाड्याचा डोळा नव्हतो. मग मी परत दुर्बिणीला डोळा लावला आणि मान फिरवली नाही. बुरशीच्या त्याच कोपऱ्यात, हवा तितका वेळ, पाणी यायला लागेपर्यंत टक लावून बसलो.

दिसला का?

नाही सांगणार. तडफड.